ढोलकपुरात डोरेमॉनला कोणी बोलावलं?

तान्ह्या पोळ्याच्या आधीच्या शनिवारी, पश्चिम नागपुरातल्या एका घरगुती बालवाडीच्या अंगणात छोट्या भीमाने डोरेमॉनला ढकललं. डोरेमॉनचं पुठ्ठ्याचं निळं डोकं एका बाजूने चेपलं. त्याच्या लाकडी नंदीचं पुढचं चाक निखळून तुळशीच्या कुंडीमागे गेलं. फाटकाशी उभी राहून मोबाइलवर शूटिंग करणाऱ्या त्याच्या आईने हे सगळं स्क्रीनवरच पाहिलं.

भीम म्हणजे छोटा भीम या कार्टूनच्या वेशातली पावणेपाच वर्षांची एक मुलगी. नोंदीत मी तिला ठमी म्हणते. डोरेमॉन, म्हणजे दुसऱ्या कार्टूनमधलं निळं मांजर, झालेला मुलगा तिच्याच वयाचा, त्याला निळू म्हणू. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी एवढंच सांगते की तान्हा पोळा हा मुलांचा पोळा. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं सजवलेले लाकडी नंदी दोरीने ओढत घरोघर जातात, घरची बाई नंदीला ओवाळते आणि मुलांच्या हातावर बोजारा ठेवते, म्हणजे चार पैसे नाहीतर खाऊ. भोसल्यांच्या काळापासूनची ही रीत. मुलांना वेश घालून नटवायची पद्धत त्यात केव्हा मिसळली कोण जाणे, पण आज एकाच रांगेत शिवाजी, कृष्ण, झाशीची राणी, डॉक्टर आणि स्पायडरमॅन नंदी ओढत निघालेले दिसले तरी इथे कोणाला नवल वाटत नाही. सण घरोघरी असतो म्हणून बालवाडीतला पोळा आधीच उरकतात.

ठमी केशरी धोतर नेसून आली होती. दंडाला काळा दोरा, हातात बुंदीचा लाडू. त्या लाडवाला सकाळपासून तिने दात लावला नव्हता. निळू फाटकातून आत आला तशी ती दोन्ही हात पसरून आडवी झाली आणि म्हणाली, "तू नाही यायचं. तू इथला नाहीस." निळूला वाटलं खेळ आहे. तो पुढे सरकला. मग धक्का.

निळूचं कुटुंब बाराच दिवसांपूर्वी छिंदवाड्याहून आलेलं. घरी हिंदी, मराठी जेमतेम समजणारं. त्यामुळे "तू इथला नाहीस" हे वाक्य त्याच्या आईच्या कानावर कसं पडलं असेल, हे वेगळं सांगायला नको. ती बालवाडीच्या ताईंना एवढंच म्हणाली, "हमारा बच्चा बाहर का है, इसीलिए ना?" ठमीची आई रडवेली झाली. आमच्या घरात असलं कोणी बोलत नाही, शप्पथ, असं ती चारदा म्हणाली. ताईंनी त्याच दुपारी मला फोन केला. बालवाडीताईंना प्रशिक्षण देणं हे माझं काम. असे फोन येतात, आणि बऱ्याचदा मी घाईत उत्तर देते.

माझा पहिला सल्ला

याही वेळी घाईतच दिलं. फोनवर ऐकलं तेवढ्यावरून माझ्या डोक्यात दोन खण तयार झाले. एक, नव्या मुलाला टोळीबाहेर ठेवणं. दुसरा, कार्टूनचा अतिरेक, खरं-खोटं यांची गल्लत. मी ताईंना म्हटलं, सोमवारी सगळ्यांना गोल बसवा, वेशभूषेचे कपडे मधोमध ठेवा आणि प्रेमाने सांगा की भीम, डोरेमॉन ही सगळी चित्रं असतात. आत आपणच असतो. तू ठमी, हा निळू, तुम्ही दोघं मित्र.

ताईंनी तसंच केलं, माझ्यापेक्षा गोड शब्दांत. ठमीने ऐकून घेतलं. धोतराची घडी घातली, दप्तरात ठेवली. आठवडाभर ते दप्तरातून बाहेर आलं नाही. बुधवारी ताई चिऊ-काऊची गोष्ट सांगत होत्या. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं, तिथवर आल्या आणि ठमी शांतपणे म्हणाली, "हे पण खोटंच ना ताई? चिमणी का बोलते कधी?" गुरुवारी गणपतीच्या उंदराबद्दल तेच. शुक्रवारी आणखी तीन मुलं तिच्या सुरात सूर मिळवायला लागली आणि गोष्टीच्या तासाचा पार बोऱ्या वाजला.

म्हणजे निळूचं दुखणं तसंच राहिलं आणि वर गोष्टही मारली गेली. ताईंनी मला दोष दिला नाही, नुसतं विचारलं, "आता काय करायचं?" दुसऱ्या गुरुवारी मी प्रत्यक्ष गेले. पहिल्याच दिवशी जायला हवं होतं.

व्हिडिओ, डबा आणि मधलं बटण

आधी निळूच्या आईकडे गेले. तिने व्हिडिओ दाखवला, पहिल्यांदा पूर्ण वेगात, मग मी सांगेन तिथे थांबवून. चौथ्या वेळी मला फरशीवर एक पांढरी रेघ दिसली. खडूची, वाकडीतिकडी, तुळशीपासून थेट पायरीपर्यंत. धक्का निळू फाटकातून आला तेव्हा बसलेला नाही. रेघेवर त्याचा पाय पडला त्या क्षणी बसलेला आहे. त्याआधी ठमी नुसती हात पसरून उभी होती.

रेघ कसली, असं ताईंना विचारलं. त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अहो, ती सकाळी ठमीनेच काढली. 'हे ढोलकपूर करू का?' असं विचारत होती. मी तोरण बांधत होते, म्हटलं कर." ढोलकपूर म्हणजे कार्टूनमधल्या भीमाचं गाव. निळूला हे कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण आणि कशाला?

दुसरा पुरावा ताईंच्या वहीत पहिल्या दिवसापासून होता आणि मी तो वाचून पुढे गेले होते. त्या शनिवारची शेवटची ओळ अशी आहे: "निळूने डोकं काढून ठेवलं. पाच मिनिटांनी ठमी त्याच्याशेजारी बसली, तिच्या डब्यातले तर्री-पोहे दोघांनी खाल्ले." पाच वर्षांच्या मुलीने एखाद्याला परका म्हणून हाकललं असतं, तर तिने त्याला डबा उघडून दिला नसता. नकार निळूला नव्हताच, डोरेमॉनला होता. एरवी मी शिकाऊ ताईंना बजावत असते की वहीतली शेवटची ओळ आधी वाचा. असो.

मग ठमीशी बोलणं. वह्यांच्या वेष्टणांवरून आणि टिफिनच्या खोक्यांवरून चित्रं कापून नेली होती. प्रश्न माझे नव्हते. येल विद्यापीठातल्या डीना स्कोल्निक आणि पॉल ब्लूम या दोघांनी २००६ साली एक छान शोधनिबंध लिहिला. लहान मुलाला बॅटमॅन खोटा आहे हे कळतं, एवढं आधीच माहीत होतं. यांनी पुढचा प्रश्न घेतला. स्वतः बॅटमॅनला त्याचा साथीदार रॉबिन खरा वाटत असेल की खोटा? आणि दुसऱ्याच कार्टूनमधला स्पंजबॉब? म्हणजे कल्पनेतलं जग एकच नसतं, अशी अनेक जगं असतात आणि ती एकमेकांपासून वेगळी असतात, हे मुलाला कळतं का? सरळ विचारलं तेव्हा मुलं एका ठिकाणी हटकून घसरली. बॅटमॅनलासुद्धा रॉबिन खोटाच वाटतो, असं बरीच मुलं म्हणाली. प्रश्न फिरवून विचारला, की बॅटमॅन कोणाला बघू शकतो, कोणाला हात लावू शकतो, कोणाशी बोलू शकतो, तेव्हा मात्र त्यांची उत्तरं मोठ्यांसारखी आली.

ठमीबरोबरचं आमचं बोलणं असं झालं. (चुटकी ही कार्टूनमधली भीमाची मैत्रीण.)

"भीमाला चुटकी खरी वाटते की खोटी?"

"खोटी." अगदी ठाम. "कार्टून आहे ना ती."

"बरं. पण भीम चुटकीला लाडू मागू शकतो?"

"मागतेच तो. रोज मागते."

"कृष्णाचा हात धरू शकतो?"

"हो. कृष्ण येते ना त्याच्याकडे."

"आणि डोरेमॉनचा?"

तिने मान हलवली. चित्रं उचलून एक या मांडीवर ठेवलं, एक त्या मांडीवर, आणि दोन्ही गुडघ्यांच्या मधल्या जागेवर बोट टेकवलं. "मधात बटन आहे."

मला कळायला वेळ लागला. रिमोटचं बटण! भीम एका चॅनलवर, डोरेमॉन दुसऱ्या. या जगातून त्या जगात जायचं तर मध्ये बटण दाबावं लागतं आणि ते भीमाच्या हातात नाही, आजीच्या हातात आहे. जगांच्या सीमेची याहून नेमकी व्याख्या मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. मी मात्र या मुलीला "खरं-खोटं समजत नाही" या खणात टाकून मोकळी झाले होते.

शेवटी विचारलं, "मग निळूने डोरेमॉन व्हायचंच नाही का?"

"होऊ शकते. पण तो ढोलकपुरात काहून आला? कोणी बोलावलं त्याले?"

मामेभाऊ

कृष्णाला मुभा आणि डोरेमॉनला मनाई, हा भेद तिने कुठून आणला? उत्तर तिच्या आजीकडे होतं. आजी उमरेडकडची. टीव्हीसमोर भाजी निवडत बसते आणि पडद्यावर चाललंय त्यावर स्वतःचं भाष्य करत असते. भीमाच्या गोष्टीत कृष्ण पहिल्यांदा दिसला तेव्हा ठमीने हाच प्रश्न केला होता, हा इथे काहून आला? आजीने मला तिचं उत्तर जसंच्या तसं सांगितलं: "मी म्हटलं, अवं, कृष्ण भीमाचा मामेभाऊ होय. कुंती म्हणजे वसुदेवाची बहीण. आता मामेभावाले घरी याले का चिठ्ठी पाठवा लागते?"

झालं. नातं जुळलं, रस्ता उघडला. ढोलकपूरचा भीम हा महाभारतातला भीम नव्हे, नुसतं नाव आणि ताकद तिकडून उचललेली. पण आजीला आणि ठमीला तेवढं पुरलं. गंमत म्हणजे ठमीचा नियम आणि धंद्याचा नियम इथे एकच निघतो. छोटा भीम २००८ साली पोगो वाहिनीवर सुरू झाला, तो हैदराबादच्या ग्रीन गोल्ड अॅनिमेशनचा. कृष्णाची कार्टून मालिकाही त्यांनी त्याआधी केली होती. दोन्ही पात्रं एकाच घरची, म्हणून दोघांची एकत्र साहसं निघाली आणि निघत राहिली. डोरेमॉन १९६९ साली जपानी चित्रकथेत जन्मला, त्याचे हक्क तिकडचे. तो ढोलकपुरात यायचा तर दोन देशांतल्या वकिलांना एका टेबलाशी बसावं लागेल. वकिली भाषेत त्याला करार म्हणतात, ठमीच्या भाषेत मधलं बटण.

आणि एका गोष्टीतल्या माणसाने दुसऱ्या गोष्टीत जाणं हे काही टीव्हीने काढलेलं नाही. वनपर्वात द्रौपदीसाठी सौगंधिक फुलं आणायला निघालेल्या भीमाला वाटेत केळीच्या बनात एक म्हातारा वानर आडवा पडलेला दिसतो आणि त्याची शेपटी भीमाला तसूभरही हलवता येत नाही. तो रामायणातला हनुमान. पण महाभारत त्याला उगाच आणून उभा करत नाही. तो चिरंजीव आहे म्हणून अजून आहे, आणि दोघंही वायूचे पुत्र म्हणून भीमाचा भाऊ आहे. म्हणजे काळाचीही सोय लावली आणि नात्याचीही. परशुराम सीतास्वयंवरानंतर रामाला आडवा येतो आणि पुढे कर्णाचा गुरूही होतो, तोही चिरंजीव म्हणूनच. आपल्याकडे पाहुणा गोष्टीत आला की त्याचं गाव आणि गोत आधी सांगतात. ठमी नेमकं तेच मागत होती.

पडद्यावरचे पाहुणे

मुलांच्या टीव्हीवर पाहुण्या पात्रांचा इतिहास पाहिला तर हुशार माणसांनी दारावरच डोकं लढवलेलं दिसतं. काहींनी मुळीच लढवलेलं नाही, तेही दिसतं. अमेरिकेत १९७२ साली स्कूबी-डू या कार्टून मालिकेच्या तासाभराच्या भागांत पाहुणे बोलवायला सुरुवात झाली, त्यांत बॅटमॅन आणि रॉबिनही आले. तिथे दाराचा फार विचार नव्हता. गाडी रस्ता चुकते आणि कोणीतरी भेटतं. चालून जातं, कारण ते जगच भटक्यांचं होतं.

२१ एप्रिल १९९० चा प्रकार याच्या उलटा. त्या दिवशी तिथल्या एरवी एकमेकींच्या जिवावर उठलेल्या मोठ्या वाहिन्यांनी एकाच वेळी अमली पदार्थांविरुद्धचा एक कार्टूनपट दाखवला. त्यात बग्ज बनी, गारफिल्ड, विनी द पू, स्मर्फ, सगळे एका घरात. इतकी वेगवेगळ्या घरची मंडळी आत आणायची कशी? करणाऱ्यांनी युक्ती काढली. पात्रं त्या घरातल्या लहान मुलीच्या खोलीतल्या वस्तूंमधून जिवंत होतात. स्मर्फ चित्रकथेच्या पुस्तकातून, गारफिल्ड दिव्यातून, पू बाहुल्यातून. दार सापडलं. पण दार म्हणजे दुकानातून आणलेला माल, हे विसरता येत नाही. उपदेशापेक्षा ती खोलीच मुलांच्या जास्त लक्षात राहिली असेल, असा माझा आपला संशय.

आमच्या प्रकरणाला सगळ्यांत जवळचं उदाहरण १९८१ चं. फ्रेड रॉजर्स हे गृहस्थ १९६८ पासून अमेरिकेच्या सार्वजनिक टीव्हीवर 'मिस्टर रॉजर्स नेबरहुड' हा मुलांचा कार्यक्रम करत. घरात येऊन स्वेटर आणि बूट बदलायचे, मुलांशी खऱ्या जगाबद्दल बोलायचे आणि मग एक छोटी ट्रॉली बोगद्यातून बाहुल्यांच्या कल्पित राज्यात जायची. त्या राज्यात रॉजर्स स्वतः कधी दिसत नसत. दुसरीकडे १९६९ पासून 'सेसमी स्ट्रीट' चालू होतं. त्यातला आठ फुटी पिवळा पक्षी बिग बर्ड रस्त्यावर खऱ्या माणसांबरोबरच राहायचा. दोन्ही कार्यक्रमांनी एकमेकांकडे पाहुणे पाठवायचं ठरवलं. रॉजर्स सेसमी स्ट्रीटवर गेले, ते बिग बर्डच्या धावण्याच्या शर्यतीसाठी. बिग बर्डने रॉजर्सकडे यायचं ठरलं तेव्हा मात्र अडलं. मुलांपासून काही लपवू नये, पिसांच्या आत माणूस आहे हे दाखवावं, असं रॉजर्सना वाटत होतं. आतला माणूस म्हणजे कॅरोल स्पिनी. पोशाख उतरवायला त्यांनी साफ नकार दिला. बिग बर्डवर विश्वास ठेवणाऱ्या मुलांचं काय, असं त्यांचं म्हणणं. तोडगा असा निघाला की बिग बर्डने रॉजर्सच्या घरात यायचंच नाही, फक्त ट्रॉलीपलीकडच्या कल्पित राज्यात यायचं. तिथे पोशाखाचा प्रश्नच येत नाही.

कितीतरी वर्षं मी प्रशिक्षणात रॉजर्सच्या बाजूने बोलत आले. मुलांना खरं सांगा. सोमवारी गोल करून कपडे मधोमध ठेवायला सांगितले ते त्याच सवयीने, आणि निम्मंच शिकून. ट्रॉली मी विसरलेच. रॉजर्स कल्पना मोडत नव्हते. कल्पनेत शिरायचा आणि तिच्यातून परत यायचा रस्ता ते रोज न चुकता दाखवत होते. आमच्या बालवाडीत रस्ता होता, खडूची रेघ, आणि ती ठमीने स्वतः काढली होती. आम्ही तिच्या गावाला गाव मानायलाच तयार नव्हतो.

बोजारा

दुरुस्ती ताईंनी सुचवली, मी नाही. त्या म्हणाल्या, "पोळा तर झाला, पण नंदी अजून सगळ्यांच्या घरी आहेत. पुन्हा एकदा घरोघर खेळू या का?"

शनिवारी अंगणात चार रेघा मारल्या. चार गावं. प्रत्येक गावाला सुतळीचं तोरण आणि दारात एक यजमान. ठमीचं धोतर दप्तरातच होतं. तिला कोणी काढ म्हटलं नाही. ताईंनी फक्त विचारलं, "ढोलकपूर कुठं ठेवायचं?" तिने जुन्याच जागेकडे बोट दाखवलं. तुळशीजवळ, दुसरीकडे नाही.

निळूच्या आईने चेपलेलं डोकं चिकटपट्टीने सारखं करून पाठवलं होतं. ती यायला तयार झाली हेच विशेष. आदल्या दिवशी मी तिला थांबवलेला तो व्हिडिओ पुन्हा दाखवला, रेघ दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "तो ये लाइन पे पैर रखा इसने." हसली नाही, पण आवाज उतरला.

नियम एकच सांगितला, दारात थांबायचं. नंदी घेऊन जो येईल त्याला यजमानाने विचारायचं, कुठून आलात, कसे आलात. सांगता आलं की ओवाळायचं आणि बोजारा द्यायचा. निळूला हिंदीत समजावलं. तो तोरणाशी येऊन थांबला. नंदीचं चाक आता खिळ्याने बसवलेलं, ओढताना खडखडत होतं.

ठमी (धोतर न नेसता, पण लाडू हातात घेऊन): "कुठून आला?"

"जापान."

"कसा आला?"

हा प्रश्न आम्ही त्याच्याकडून घोकून घेतला नव्हता. निळूने पोटावरच्या पांढऱ्या खिशात हात घातला, आत काहीच नव्हतं, तरी दोन्ही हातांनी मोठंसं काहीतरी बाहेर काढून जमिनीवर उभं केलं. "दरवाज़ा," तो म्हणाला. "पिंक वाला." कार्टून पाहणाऱ्या प्रत्येक मुलाला ते गुलाबी दार माहीत असतं. उघडलं की हवं तिथे जाता येतं. ठमीलाही माहीत होतं. आजीच्या हातातल्या बटणाला पर्याय म्हणून ते तिच्या ध्यानात आलं नव्हतं, इतकंच.

तिने त्या नसलेल्या दाराकडे पाहिलं. मग त्याच्याभोवती फिरून मागून पाहिलं. "पण इकडून कडी आहे," ती म्हणाली.

निळूला कडी शब्द कळला नाही. ठमीने हवेत हात वर नेला, कडी काढली, आणि म्हणाली, "आता ये."

लाडवाचे दोन तुकडे झाले. बोजारा म्हणून मोठा तुकडा तिने द्यायला हवा होता. दिला लहान.

नंतर

गोष्टीचा तास परत रुळावर यायला आणखी दोन आठवडे गेले, तेही पूर्ण नाही. "हे खोटंच ना?" असं ठमी अजून कधीमधी विचारते. ताई आता उत्तर न देता तिलाच विचारतात, "चिऊला काऊ दिसतो का?" ती म्हणते, दिसते. आणि गोष्ट पुढे जाते.

ठमीच्या आईने एक वेगळीच तक्रार सांगितली, तीही नोंदवून ठेवते. दुकानात पाकिटावर भीम असला की तेच पाकीट हवं, हा हट्ट आहेच. पाकिटावरचा भीमही पाहुणाच, पण त्याला दार नसतं, तो थेट हातात येतो. याच कारणाने अमेरिकेतल्या प्रसारण आयोगाने १९७४ साली भूमिका घेतली की मुलांच्या कार्यक्रमातल्या पात्राने त्याच कार्यक्रमात माल विकू नये, कारण कार्यक्रम कुठे संपला आणि जाहिरात कुठे सुरू झाली हे लहान मुलाला कळत नाही. आपल्याकडे २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार चिप्स, शीतपेयं असल्या जंक फूडची जाहिरात मुलांच्या कार्यक्रमात किंवा मुलांच्या वाहिनीवर करता येत नाही. दुकानातल्या फळीवरच्या पाकिटाशी मात्र आईला एकटीनेच झगडावं लागतं. तिने ठमीचंच शस्त्र वापरून पाहिलं. पाकीट हातात धरून विचारलं, "याला इथं कोणी बोलावलं गं?" ठमीने गल्ल्यावर बसलेल्या माणसाकडे बोट केलं. "काकांनी." आईला पाकीट घ्यावंच लागलं. आजी म्हणते, मारबतीच्या दिवशी, म्हणजे इडापिडा घालवायला नागपुरात पुतळ्यांची मिरवणूक काढतात तेव्हा, जसं 'घेऊन जा गे मारबत' म्हणतात तसं ते पाकीट फळीवरून कोणीतरी घेऊन गेलं पाहिजे.

निळू आता मराठीत भांडतो. "काहून" हा शब्द तो ठमीकडूनच शिकला, आणि त्याच्या आईला तो घरी दिवसातून वीस वेळा ऐकावा लागतो.

दिवाळीच्या सुट्टीआधी मी शेवटची भेट दिली तेव्हा ढोलकपूर तुळशीपासून झोपाळ्यापर्यंत पसरलेलं होतं. गावात कृष्ण होता, डोरेमॉन होता, एक डॉक्टर होता, कोणाची तरी झाशीची राणी होती. रेघेबाहेर एक मुलगा लाल टी-शर्ट आणि पिवळी चड्डी घालून कंटाळून उभा होता. शिनचॅन, आणखी एका कार्टूनमधला. मी ठमीला विचारलं, याला का नाही घेतलं?

"त्याच्या मम्मीले विचारलं नाही अजून," ती म्हणाली आणि खडू घेऊन रेघेचा पुसट झालेला भाग पुन्हा गिरवायला बसली.